कोरी कुपी

"पूर्ण नाव सांगा, मावशी."

"रंगूबाई."

"पुढं?"

सात नंबरच्या खाटेवरच्या रंगूबाईने पदर ओठांवर ओढला. धम्मपाल हातात ट्रे घेऊन थांबला. ट्रेमध्ये चार कुप्या होत्या, चारही कोऱ्या. बेलापूरच्या त्या लहानशा रुग्णालयात रक्ताचे नमुने घेणारे सारेच जण सकाळी टेबलाशी बसून कुप्यांवर नावांच्या पट्ट्या आधीच चिकटवून ठेवत. गेले आठ महिने तो एकटा तसे करीत नसे.

"धम्मपाल, टाइमपास नको," सिस्टर सरोजिनी म्हणाल्या. "पहाटेपासून बाईचं रक्त जातंय, ऑपरेशनला डॉक्टर थांबलेत. सॅम्पल गेल्याशिवाय रक्तपेढी बाटली देणार नाही. फॉर्म तुझ्याच हातात आहे ना? वाच नि घे."

"त्यांनी स्वतः सांगायला हवं, सिस्टर."

"अरे, खाटेला कागद लावलाय!"

"कागद खाटेचा असतो."

रंगूबाईच्या ओठांत रंग उरला नव्हता, तरी ती हसली. "आवं, मालकाचं नाव कसं घिऊ? तीस वरसात घ्येतलं न्हाई. त्येच मार्केटातली मानसं आनाया गेल्यात, रगत द्यायला. आलं की त्यास्नीच इचारा."

"तोवर वेळ नाही, मावशी."

खिडकीपाशी तीन नंबरच्या खाटेवर एक मुलगी पेरू खात बसली होती. तिच्याकडे पाहायचे धम्मपालने टाळले. त्या खाटेकडे नजर गेली की त्याला फक्त एक हिरवा पदर दिसे, तोंडाशी नेलेला, आणि मग त्याच्या बोटांना थंडी वाजे.

ती बोटे त्याने आताही ट्रेच्या कडेला आवळून धरली. रंगूबाईने ती पाहिली. तिने डोळे मिटले आणि पुटपुटली,

"मार्केटात उतरली कांद्याची पोती,
जोतीरामांचं नाव घेते, सुई याच्या हाती."

पेरू खाणारी मुलगी खुदकन हसली. धम्मपालने फॉर्म पाहिला. जोतीराम. नाव जुळत होते.

"झालं समाधान?" सिस्टर म्हणाल्या.

त्याने दंडाला रबरी नळी बांधली, स्पिरिट वाळू दिले, शीर शोधली. रक्त आले तशी नळी सोडली. मग सुई काढून त्याने रक्त कुपीच्या कडेने हळूच आत उतरवले, आणि खाटेपाशीच उभे राहून पट्टीवर पूर्ण नाव, तारीख, वेळ लिहिली. सिस्टर कुपी घेऊन लगबगीने निघून गेल्या.

रंगूबाईच्या दंडावरचा कापसाचा बोळा तो दाबून राहिला.

"येवढा हट्ट का रं, ल्येका?"

त्याने बोळा उचलून पाहिला, पुन्हा दाबला.

"तिकडं तीन नंबरला एक गिरजाबाई होत्या," तो म्हणाला. "त्याच दिवशी पाच नंबरलाही गिरजाबाईच. मी कुप्यांवर नावं आधीच लिहून आणली होती. तीनचं रक्त पाचच्या नावावर गेलं, पाचचं तीनच्या. संध्याकाळी तीनला बाटली लावली, ती भलत्याच गटाची. अर्धी व्हायच्या आत हुडहुडी भरली. चार-चार घोंगड्या घातल्या, तरी थांबली नाही. सकाळी खाट रिकामी."

"आन् तू नाव इचारलं न्हवतंस?"

"मीच वाचून दाखवलं. गिरजाबाई सयाजी ना, म्हणून. त्या तापात होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, नवऱ्याचं नाव ऐकून लाजल्या."

"आन् सयाजी?"

"पाच नंबरच्या बाईंचे मालक."

स्ट्रेचरची चाके दाराशी येऊन थांबली.

रंगूबाईने ओठांवरचा पदर दोन्ही हातांनी खाली ओढला. मग त्याच्या डोळ्यांत पाहत, उखाण्याशिवाय, सावकाश म्हणाली,

"जोतीराम."