पाठ केलेली मुलगी

“मला सहा वर्षांची एक मुलगी आहे,” वल्लरी जर्मनमध्ये म्हणाली आणि तिच्या अंगावर काटा आला.

वाक्य तिचं नव्हतंच. ते विभावरीताईंचं. ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळात जर्मनच्या बी-वन परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकीला ताईंच्या नोट्स मिळतात. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. स्वतःची ओळख करून द्यायचा अख्खा परिच्छेद त्यात तयार असतो, आणि पाठांतरात आपण मंडळी कुणाला हार जात नाही. नाव बदलायचं, गाव बदलायचं, मुलांचा आकडा बदलायचा, झालं. नवऱ्याने, कपिलने, काल तिला बजावलंही होतं, “ती मुलीची ओळ तेवढी खोड.” तिने पेन हातात घेतलं होतं. खोडवलं नाही.

अन्वी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी गेली. असती तर आता सहा वर्षांची असती.

टेबलापलीकडच्या परीक्षक बाई कौतुकाने हसल्या. मागच्या खेपेला वल्लरी इथेच, बोलण्यात, नापास झाली होती. प्रश्न आला की तिची वाचाच बसायची. या वेळीही तसंच झालं, तर कपिलला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळणार होता आणि तिचा अर्ज तसाच पडून राहणार होता.

“नाव काय मुलीचं?” बाईंनी विचारलं.

नोट्समध्ये पुढचं वाक्य पोहण्याच्या क्लासचं होतं. नाव कुठेच नव्हतं.

“अन्वी.”

“शाळेत जाते?”

“हो. आत्ताच जायला लागली.” वल्लरी खुर्चीत पुढे सरकली. “पहिल्या दिवशी माझा हात सोडेना. नव्या मुलांना देतात तो खाऊचा कागदी कोन तिच्याहून मोठा होता. मीच धरला. आम्ही मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. वेणी घालू देत नाही. दूध तर अजिबात नको.”

शब्द कुठून येत होते, तिचं तिला कळेना. सहा वर्षांत मराठीतसुद्धा ती अन्वीबद्दल एवढं बोलली नव्हती. बाई घड्याळ बघायचं विसरल्या. “गेनाऊ! अगदी! माझी धाकटी अशीच होती,” त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आता पुरे म्हणतील, या भीतीने वल्लरी भरभर बोलत राहिली.

बाहेर बाकावर बसलेला कपिल तिला बघून उठला.

“कशी झाली?”

“छान झाली. पास होईन.”

“काय विचारलं?”

“अन्वीचं विचारलं.”

त्याचा चेहरा उतरला. “मग? तू काय सांगितलंस?”

“पहिलीत आहे म्हटलं.”

तो पुन्हा खाली बसला. ती शेजारी बसली. आतून पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं गेलं, दार लागलं. कपिलने वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग तिच्याकडे न बघता त्याने हळूच विचारलं,

“रमली का गं शाळेत?”