चंद्राबाईचा पोटगीचा अर्ज

कागद दोनदा वाचून झाला तरी नाथाजी तलाठ्याला म्हणाला, "पुन्यांदा वाचा."

तलाठ्याने पुन्हा वाचला. अर्जदार चंद्राबाई, माहेर आष्टा, हल्ली मुक्काम सांगली, हळदीच्या वखारीत मजुरी. नवऱ्याने मारझोड करून घराबाहेर काढले, दुसरी बायको केली, तीन वर्षांत एक पै दिली नाही. तरी दरमहा वीस रुपये पोटगी मिळावी.

"ईस," नाथाजी म्हणाला. "हिच्या बापानं तरी एका जागी ईस रुपये बघितल्यात का?"

"दरमहा," तलाठी म्हणाला. "ती जिवंत हाय तवर."

कोरेगावच्या शिवारात नाथाजीचा तीन एकर ऊस होता. त्यातले एक कांडेही चंद्राच्या तोंडी जाऊ नये, असे त्याला मनापासून वाटत होते.

घरी धाकटी, भामाबाई, भाकरी थापत होती. सगळे ऐकून घेऊन तिने एकच विचारले, "तिला न नांदता ईस. मी नांदतीया, मला किती?"

नाथाजी न जेवता उठला.

*

सातारचे वकील.

"बायको आहे तोवर पोसावी लागेल," ते म्हणाले. "तुमच्यात काडीमोड असते ना? पंचांपुढे काडी मोडली की नाते तुटले. मग ती बायको नाही आणि पोटगीही नाही. झाली आहे का तुमची?"

नाथाजीने डोके खाजवले. चंद्रा गेली त्या साली तिचा भाऊ हेच मागायला आला होता, बहिणीची काडी मोडा म्हणून. नाथाजीने त्याला ओट्यावरून ढकलून दिले होते. तो कसा पडला, हे नाथाजी पारावर अजून रंगवून सांगत असे.

"आठवत नसेल तर पुढच्या खेपेला आठवून या," वकील म्हणाले.

नाथाजीला तिथेच आठवले. "झालीया."

"पंच कोण होता? कोर्ट ज्याच्या तोंडाकडे बघून मान डोलवील, असा हवा."

*

असा एकच होता. तात्याबा. सत्तरी उलटलेला. उभ्या भावकीत त्याच्या शब्दाला कुणी हात लावत नसे.

"तू काडी मोडलीस आन मी बघितली," तात्याबा म्हणाला. "असंच ना?"

"व्हय."

"कवा मोडलीस?"

"आवं, तुमीच ठरवा."

"शिमग्याच्या आदल्या आठवड्यात म्हनू. पर नाथा, कोर्टात बोललेलं परत गिळता येत न्हाई."

"मी कशाला गिळतोय?"

"बरं मग. भावकीतल्या मानसिंगला बी संगं घे. एकट्याच्या तोंडावर साहेब जायचा न्हाई."

नाथाजीने कोपरीच्या खिशात हात घातला. तात्याबाने मान हलवली. "मला काय बी नगं."

म्हातारा असा झटक्यात वळेल, असे नाथाजीला वाटले नव्हते. वयाने माणूस पिचतो, असे म्हणत तो घरी आला आणि दोन माणसांचे जेवला.

*

नाथाजीची जबानी. चंद्राचा वकील पोरगेलासा होता.

प्रश्न : काडी कोणी मोडली?

उत्तर : मी. ह्या हातानं.

प्रश्न : राजीखुशीने?

उत्तर : लय खुशीनं.

प्रश्न : त्यानंतर तिच्यावर तुमचा काही हक्क?

उत्तर : हक्क? तिच्या सावलीवर बी न्हाई.

प्रश्न : हे आजही कबूल?

उत्तर : लिवून घ्या.

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी लिहून घेतले. नाथाजीला त्या वकिलाची कीव आली. फी घेऊन आपल्याच अशिलाला बुडवणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला.

तात्याबाची जबानी. शिमग्याचा आदला आठवडा, देवळामागचे पटांगण, काडीचे दोन तुकडे. म्हातारा कुठेही अडखळला नाही. त्याच्यामागून मानसिंगने तेच सांगितले.

चंद्राची जबानी.

"काडी मोडली न्हाई, साहेब."

"मग हे तात्याबा खोटे बोलतात?" नाथाजीच्या वकिलांनी विचारले.

चंद्राने म्हाताऱ्याकडे पाहिले. सगळे कोर्ट तिच्या तोंडाकडे बघत होते.

"थोरलं मानूस हाय," ती म्हणाली. "त्येंला मी काय म्हनू?"

तिने पदर पुढे ओढला. इथेच ती हरली, हे नाथाजीला कळले.

*

निकाल चार ओळींचा होता. पंचांसमक्ष काडीमोड झाल्याचे शाबीत. त्या दिवसापासून अर्जदार ही सामनेवाल्याची बायको नाही. पोटगीचा अर्ज नामंजूर.

नाथाजीने कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. वकिलांना दिला, पट्टेवाल्याला दिला, मानसिंगला दोन दिले. तात्याबा कुठे दिसेना.

तो कचेरीच्या मागच्या बाजूला सापडला. निकालाच्या नकला मिळतात त्या खिडकीशी. पुढे चंद्रा उभी होती. तिच्याशेजारी एक धिप्पाड गडी होता, त्याची नखे हळदीने पिवळी झालेली. खिडकीतून शिक्का मारलेला कागद बाहेर आला. चंद्राने तो चौघडी करून कमरेला खोचला.

"हरल्याचा कागद कशाला गं?" नाथाजी म्हणाला. "देव्हाऱ्यात ठेवतीस?"

"सांगलीच्या पंचास्नी दावायचा हाय," तात्याबा म्हणाला. "परवा ह्या पाव्हन्यासंगं पाट लागतोय हिचा, दुसरं लगीन."

पाव्हण्याने नाथाजीला रीतसर रामराम घातला.

नाथाजीच्या हातातला पेढा हातातच राहिला. तात्याबाने तो काढून घेतला, चंद्राच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "तीन वर्सं तू काडी मोडंनास रं, म्हनून मीच हिला म्हनलं, पोटगी माग."