दुबूचे ओरखडे

मलसून आजीनं गाडी सीट दुरुस्त करणाऱ्या ग्वाकच्या दुकानात आणली, तेव्हा मागच्या चामड्याच्या सीटवर नखांचे चार ओरखडे होते आणि शेजारी दुबू कुत्रा ऐटीत बसला होता.

"डोंगरावर फिरायला गेलेलं आमचं म्हातारं उतरून घरी यायच्या आत सीट होती तशी करून द्या. कुत्र्याची जागा अंगणात, गाडीत दिसला तर तुझीही जागा अंगणात, असं बजावलंय मला."

ग्वाकनं ओरखडे भरले, घासले आणि फळीवरची रंगाची एक बरणी उतरवली.

"अहो, रंग आधी जुळवून तरी बघा. बारा वर्षं उन्हात विटलेली सीट आहे, ठिगळासारखं दिसेल."

"जुळवलेलाच आहे, आजी."

त्यानं रंग फिरवला. ओरखडे कुठे होते ते आजीला शोधूनही सापडेना.

"पण तुम्ही ही गाडी आधी कधी पाहिली?"

ग्वाक रंग वाळवत राहिला. तेवढ्यात दुबूनं गाडीतून उडी मारली, तो थेट दुकानाच्या कोपऱ्यात गेला आणि स्वतःचं नाव लिहिलेल्या वाडग्यातलं पाणी पिऊ लागला.

"आजोबांना एवढं सांगा," ग्वाक म्हणाला, "मी दिलेला शब्द पाळला, तोंडातून चकार शब्द काढला नाही."