तिर्झाची पेटी

फावड्याला पेटीचं झाकण लागलं तसं ऑरिनने फावडं बाजूला टाकलं आणि गुडघे टेकून हातांनी माती उकरायला लागला. शेजारचा जोथम दोर घेऊन उभा होता. केझायाचं लक्ष नवऱ्याकडे कमी आणि नदीकडे जास्त होतं. काल संध्याकाळी लेकीच्या, तिर्झाच्या थडग्यापासून काठ पाच पावलांवर होता. आज तीन.

वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून मिझुरी नदी फुगली होती. मऊ काठ आतून पोखरला जायचा आणि वरचं गवत तसंच उभं असताना एकदम खाली बसायचा. रविवारी अशीच दोन थडगी गेली होती.

पेटीच्या एका टोकाखालून दोर गेला, तेवढ्यात व्हॉसबर्ग धापा टाकत आला. गाव त्याने वसवलं होतं. त्याच्या छापील नकाशात चर्च होतं, शाळा होती, चार रुंद रस्ते होते. प्रत्यक्षात सात झोपड्या होत्या, एक दुकान होतं, आणि बाकी सगळीकडे आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. वळणापलीकडे आगबोटीचा धूर दिसतोय, म्हणाला. ऑरिन आणि जोथमने धक्क्यावर यावं, सामान उतरवायला हात लागतील. शिवाय इथे राहायला आलेल्या लोकांना पहिल्यांदा दिसावं ते उघडं थडगं, हे काही बरं नाही.

ऑरिन माती उकरतच राहिला.

"तासाभराचा प्रश्न आहे," व्हॉसबर्ग म्हणाला. आवाजात हुकूम नव्हता, अजिजी होती. "आज माणसं उतरली नाहीत, तर येत्या हिवाळ्यात इथे मी नसेन आणि तुम्हीही नसाल."

ऑरिनने बायकोकडे पाहिलं. तिने नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी तो जागचा हलला नसता, हे तिला ठाऊक होतं. पण जोथमची बायको माहेरी निघून गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून केझायाच्या कानावर दुसऱ्या बाईचा आवाज पडला नव्हता. तिर्झा तापात गेली तेव्हा तिला अंघोळ घातली ती केझायाने एकटीने. केस विंचरताना डोकं धरायलासुद्धा कुणी नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "तासाभराने काय होतंय."

व्हॉसबर्गने दुकानातली ताडपत्री आणून खड्ड्यावर पसरली आणि दोघांना घेऊन गेला. केझाया ताडपत्रीशेजारी गवतात बसून राहिली.

धक्का नदीच्या आणखी वरच्या अंगाला होता. पण यंदा पाण्याची खोल वाट काठाला अगदी लगटून गेली होती, म्हणून आगबोट तिच्यासमोरूनच आली. पांढरी, दुमजली, दोन्ही बाजूंची चाकं पाणी घुसळत. कठड्याशी माणसं दाटीने उभी होती. तपकिरी टोपीतल्या एका बाईने कडेवरचं मूल सावरत हात हलवला. केझायाने उठून हात हलवला. ती हसलीसुद्धा.

मग चाकांच्या लाटा काठावर आदळल्या. एक, दोन, तीन. पायाखालची जमीन खचल्यासारखी तिला वाटली. ती मागे सरली, दोर दिसला, तो तिने दोन्ही हातांनी धरला. फारसा आवाज न करता सगळा काठ खाली गेला, ताडपत्रीसकट. दोर तळहातांतून सरसरत निघाला. तो सुटला की आपण सोडला, हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

पेटी वर आली. नदीत ती फारच लहान दिसत होती. बोटीमागच्या फेसात एकदा फिरली आणि दिसेनाशी झाली. कठड्यावरच्या लोकांनी टोप्या काढल्या.

अकरा कुटुंबं उतरणार होती. दहा उतरलीच नाहीत. त्यांनी वरच्या गावापर्यंत जायचं ठरवलं. एकाच घरची चूल आणि नांगर आधीच धक्क्यावर उतरवून झाला होता, तेवढं घर उतरलं.

ऑरिन धावत आला. तुटलेल्या काठाकडे बघत उभा राहिला.

"मीच जा म्हटलं तुला," केझाया म्हणाली.

तो तिच्याशेजारी खाली बसला. तिचे तळहात त्याने उलटून पाहिले आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतले.

नंतर तपकिरी टोपीतली बाई मूल घेऊन गवतातून आली. जरा लांबच थांबली.

"मी हात केला होता तुम्हाला," ती म्हणाली. "मला कुठे माहीत होतं, बाई."

"मीही केला की," केझाया म्हणाली.

मूल किरकिरायला लागलं. बाईने त्याला थोपटलं. तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि ते आत्ता विचारायची लाज वाटत होती, हे दिसत होतं. शेवटी तिने विचारलं.

"आम्हाला घर बांधायचंय. काठापासून किती लांब बांधावं?"

केझाया उठली. नदीकडे पाठ करून ती चालू लागली. बाई तिच्या मागोमाग निघाली. दुकान मागे पडलं, झोपड्या मागे पडल्या. व्हॉसबर्गने हाक मारून सांगितलं, की यांची जागा इकडे आहे, पाण्यालगत, सगळ्यांत चांगली. दोघींपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. चर्चच्या खुंट्या गेल्या, शाळेच्या गेल्या. पुढे गुडघाभर गवत लागलं.

"इथे?" बाईने मागून विचारलं.

केझाया चालत राहिली.