परीक्षक गेल्यावर

परीक्षक देशमान्यांनी प्रोग्रामर शर्विलच्या कानामागे स्मरणपट्टी चिकटवली, तशी मृदुला अस्वस्थ झाली. लिफ्टच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या कंपनीची ती गुणवत्ताप्रमुख. मूल्यांकनाची उत्तरं तिनं सगळ्यांकडून घोटून घेतली होती, पण यंदा परीक्षकांना उत्तरं नको होती.

"एकमेकांचा कोड तपासता ना? ते नुसतं आठवा," देशमाने म्हणाले.

पडद्यावर शर्विलची आठवण उमटली. गेल्या मूल्यांकनाच्या आदल्या दिवशीची हीच खोली, टेबलावर समोसे, फळ्यापाशी मृदुला. सगळे शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणत होते, "हो, दर वेळी तपासतो!" मग शर्विलचा चाचरता आवाज आला, "मॅडम, ब्रेकचा कोड खरंच कुणी तपासलेला नाही."

पडद्यावरची मृदुला हसली. "अरे, परीक्षक जाऊ देत, मग बघू."

तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. स्वतःचं ते हसू बघून तिचे कान तापले.

"सॉरी मॅडम," शर्विल पुटपुटला, "दुसरं काही आठवेचना."

देशमान्यांनी पट्टी हळूच काढली.

"त्या खेपेलाही मीच आलो होतो," ते मृदुलाला म्हणाले. "मी गेल्यावर बघितलंत का?"