पुसायचं राहिलं

मॅचचा स्कोअर बघायला मुलानं ब्राउझरमध्ये 'म' टाइप केला, तोच त्या चोंबड्या यंत्रानं पुढचं आपणहून भरलं: 'मार खाणाऱ्या बायकांसाठी निवारा'.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुणी शोधलं हे?" त्यानं विचारलं.

"मी," भाजी निवडत सासूबाई म्हणाल्या.

"तू? बाबांना जाऊन जमाना झाला, आई!"

"ते होते तेव्हा कुठे होतं रे हे? म्हटलं, बघावं काय काय निघालंय."

"म्हातारीला चळ लागलाय," म्हणत तो हसत बाहेर पडला.

सासूबाईंनी उठून शोधलेलं सगळं सराईतपणे पुसलं. "रोज पुसायचं. विसरायचं नाही."

"आई, तुम्हाला कसं येतं हे?"

सासूबाईंनी बाही वर सारली. दंडावर सुनेच्या ओळखीचीच बोटं उमटली होती.