चिंचेखालची माती

युगांडातल्या आमच्या गुलू गावात अनाथाश्रम बांधायला अमेरिकेहून चर्चची मंडळी आली, तेव्हापासून आमचा गवंडी ओजारा बजावत होता, “चिंचेखाली खणू नका, माती भुसभुशीत आहे.” त्यांच्या पाद्र्याने सावली बघून पाया तिथंच खणला. कुदळीला लहान हाडं लागली आणि मण्यांचा करगोटा. एका मण्याच्या जागी निळं बटण होतं. आम्हाला रांधून घालणाऱ्या लालमनेच ते ओवलं होतं, युद्धात बंडखोरांनी तिची पोर पळवली, त्याच्या आदल्या दिवशी. “बाळा, कुदळ न मारता तुला माती कशी कळली?” तिने ओजाराला विचारलं. “मलाही पळवलंच होतं, आई. दुसऱ्या पोरांना मारायला नाही म्हणणाऱ्याला कापायचे.” पाद्र्याला आमची भाषा कळेना, त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावून प्रार्थना आरंभली. आमेनआधीच धप्प झालं. डोळे उघडले, तर ओजारा खड्ड्यात होता, मानेत कुदळ, आणि लालम त्याच्यावर भुसभुशीत माती लोटत होती.